रोग्याचा स्वतःविषयींचा विचार व त्याची शुश्रूषा
(कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून एक पाठ)

रोग्याची शुश्रूषा म्हटली म्हणजे औषध वेळेवर देणें, जखम धुऊन बांधणें, ताप पाहणें, अंथरूण स्वच्छ ठेवणें व पथ्याचें अन्न देणें, इतक्या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें येतात. ह्या सर्व अवश्य आहेतच. परंतु खाटेवर पडलेला मनुष्य कोणाचा तरी बाप असतो, कोणाची तरी सून असते, कोणी सुतार तर कोणी शाळामास्तर असतो. आणि आपण कोण आहों, आपली किंमत काय, ह्याविषयीं त्याच्या मनांत एक कल्पना लहानपणापासून बनत आलेली असते. दुखणें जसें देहाला येतें, तसें तें ह्या कल्पनेलाही येतें. देह बरा झाला, पण ही कल्पना मोडलेलीच राहिली, तर मनुष्य घरीं परत येतो, माणसांत मात्र परत येत नाहीं. ही दुसरी जखम कशी ओळखावी व तिची शुश्रूषा कशी करावी, ह्याचा विचार आम्ही ह्या पाठांत करणार आहों. हा विषय दवाखान्यांतील परिचारिकांचा खराच. पण आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्या प्रत्येक आईचा, भावाचा व शेजाऱ्याचाही तो आहे.

१. ही कल्पना कशाची बनलेली असते

परिचर्याशास्त्राचे अभ्यासक ह्या कल्पनेचे सामान्यतः चार भाग करितात. पहिला भाग देहाच्या चित्राचा. आपण दिसतों कसे, आपलें शरीर काय करूं शकतें, ह्याचें चित्र प्रत्येकाच्या मनांत असतें. दुसरा भाग कर्तव्याचा, म्हणजे घरांत व गांवांत आपलें जें काम व जें नातें आहे त्याचा. तिसरा भाग ओळखीचा: मी अमुक, अमक्या घरचा, अमक्या स्वभावाचा. चवथा भाग आत्ममानाचा: मी कोणाच्या उपयोगाचा आहें कीं नाहीं, मला किंमत आहे कीं नाहीं.

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका सिस्टर कॅलिस्टा रॉय ह्यांनीं १९७० सालीं आपली विचारसरणी प्रथम प्रसिद्ध केली. दुखण्याशीं जुळवून घेतांना मनुष्य चार बाजूंनीं झटतो, असें त्या सांगतात. व त्या चारांत देहाच्या गरजांच्या शेजारींच त्यांनीं स्वतःविषयींच्या कल्पनेला जागा दिली आहे. तात्पर्य, रोग्याच्या मनाचा विचार म्हणजे फावल्या वेळचा दयाळूपणा नसून तो शुश्रूषेचाच एक भाग आहे.

हे चार भाग एकमेकांत गुंतलेले असतात. एखाद्या कर्त्या शेतकऱ्याला अर्धांगवायूचा झटका येऊन त्याचा उजवा हात लुळा पडला असें समजा. देहाचें चित्र बिघडलें. तो औत धरीत नाहीं, बाजारांत पैसे मोजीत नाहीं, म्हणून कर्तव्य गेलें. ज्या घरांत त्याच्या शब्दावांचून बी पेरलें जात नसे, त्या घरांत आतां त्याला कोणी विचारीत नाहीं, म्हणून ओळख गेली. शेवटीं घांस दुसऱ्याच्या हातून खावा लागतो व तो मनाशीं म्हणतो, 'मी भार झालों.' वैद्याच्या लेखीं एक हात गेला. रोग्याच्या लेखीं सर्वच गेलें.

२. कुष्ठरोगाचें उदाहरण आम्हीं कां घेतलें

हा विषय कोणत्याही दुखण्याला लागू आहे. ज्या स्त्रीचें स्तन कर्करोगामुळें काढावें लागलें, ज्याचा पाय अपघातांत कापावा लागला, ज्याला क्षयामुळें घरांतून दूर झोपविलें, त्या सर्वांना हा घाव बसतो. परंतु कुष्ठरोगांत तो सर्वांत उघड दिसतो, आणि आपल्या महाराष्ट्राला हा रोग परका नाहीं.

आधीं रोगाविषयींचें ज्ञान पाहूं. नॉर्वे देशांतील डॉक्टर हॅन्सेन ह्यांनीं १८७३ सालीं ह्या रोगाचे सूक्ष्म जंतु शोधून काढले. तेव्हांपासून हा रोग शाप किंवा रक्ताचा दोष नसून जंतूंनीं होणारा एक आजार आहे, हें सिद्ध झालें. बहुतेक माणसांच्या अंगांत ह्या जंतूंना हटविण्याची शक्ति उपजतच असते. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सांगितली. आज रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने औषध घेतलें म्हणजे रोग बरा होतो; औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें; आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधींत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचें भय राहत नाहीं. २००५ च्या अखेरीस आपल्या देशांत रोगाचें प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आलें. तथापि रोग संपला नाहीं. २०२२-२३ सालीं भारतांत एक लाखाहून अधिक नवे रोगी नोंदले गेले.

औषध आहे, फुकट आहे, गुणकारी आहे. मग माणसें हातापायांनीं अधू होईपर्यंत कां थांबतात? ह्याचें एक मोठें कारण आपल्या आजच्या विषयांत आहे. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला कीं मनुष्याला आधीं भय वाटतें तें हातापायांचें नव्हे, तर 'आतां मी कोण ठरणार?' ह्याचें. तो चट्टा सदऱ्याखालीं झांकतो. स्त्री असेल तर पदराखालीं झांकते, कारण तिला माहेरीं धाडून देण्याचें भय असतें. तो झांकलेला चट्टा महिन्यामागून महिने मज्जातंतु खात राहतो, आणि ज्या व्यंगाच्या भीतीनें चट्टा झांकला तेंच व्यंग पुढें येतें.

दुसरी गोष्ट बधिरपणाची. ज्या हाताला चटका कळत नाहीं व ज्या पायाला कांटा कळत नाहीं, तो हळूहळू आपला वाटेनासा होतो. तमिळनाडूंतील वेल्लोर येथें काम केलेले शस्त्रवैद्य डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांनीं दाखवून दिलें कीं, बोटें रोगानें झडतात हा समज चुकीचा आहे. वेदना कळत नसल्यामुळें झालेल्या इजा व त्यांचें दुर्लक्ष ह्यांनीं तीं झिजतात. अर्थात् जो रोगी आपल्या पायाला आपला मानतो, तो त्याला जपतो व त्याचा पाय टिकतो. जो त्याला टाकून देतो, त्याचा पाय जातो. येथें मनांतील कल्पना व पायावरची जखम ह्यांचा संबंध प्रत्यक्ष दिसून येतो.

३. कोणत्या खुणा पाहाव्या

मनाचा घाव पट्टी बांधतांना दिसत नाहीं. परंतु त्याच्या खुणा असतात. रोगी हात नेहमीं घोंगडीखालीं ठेवतो. जखम उघडली कीं तोंड भिंतीकडे फिरवितो. आपल्या पायाविषयीं 'तो पाय' असें बोलतो, 'माझा पाय' असें म्हणत नाहीं. जेवायला दूर बसतो. कोणी दूर बसविण्याच्या आधींच आपण होऊन दूर सरतो. स्वतःच्या व्यंगावर स्वतःच विनोद करितो, म्हणजे दुसऱ्यानें करण्याची वेळ येऊं नये. घरीं केव्हां जाणार हें विचारीत नाहीं. कांहीं जण उलट क्षुल्लक कारणावरून संतापतात, औषध फेंकून देतात; त्यांना आपण हट्टी म्हणतों, पण पुष्कळदां तो आपला उरलेला मान राखण्याचा त्यांचा प्रयत्न असतो.

येथें एक इशारा. जो रोगी कांहींच मागत नाहीं, कधीं तक्रार करीत नाहीं, त्याला 'फार गुणी रोगी' म्हणण्याची आपल्याला संवय आहे. त्याचें मौन समाधानाचें आहे कीं आपल्याला मागण्याचा हक्कच नाहीं असें त्याला वाटूं लागलें आहे, हें शांतपणें पाहिलें पाहिजे.

आणि तर्क करूं नये, विचारावें. 'तुम्हांला सर्वांत अधिक कशाची काळजी वाटते?' एवढा एकच प्रश्न खाटेजवळ बसून विचारला व उत्तरासाठीं थांबलें, तर पुष्कळ कळतें. आपल्याला वाटतें, वांकलेल्या बोटांची काळजी असेल; उत्तर येतें, 'मुलीचें लग्न मोडेल.' ज्याला हें उत्तर ठाऊक नाहीं, त्याचें समजावणें भलतीकडेच जातें.

४. काय करावें

(१) नांवानें बोलवावें. खाटेचा आंकडा किंवा रोगाचें नांव हें माणसाचें नांव नव्हे. काका, मावशी हे शब्द प्रेमाचे आहेत. पण जो आयुष्यभर 'गुरुजी' होता त्याला गुरुजीच म्हणावें. काय म्हटलेलें आवडेल, हें पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें.

(२) स्पर्श टाळूं नये. जखम धुतांना हातमोजे घालावयाचे ते कोणाचीही जखम धुतांना घालावयाचे असतात. परंतु नाडी पाहतांना, उठवून बसवितांना, निरोप देतांना मोकळा हात लावावा. ज्याला अनेक वर्षें कोणीं शिवलें नाहीं, त्याला त्या हातानें जें कळतें तें शंभर शब्दांनीं कळत नाहीं. शुभवर्तमानांत प्रभूनें कुष्ठ्याला बरें करितांना आधीं हात पुढें करून स्पर्श केला, हें वाचकांस ठाऊक आहेच.

(३) आडोसा द्यावा. अंग उघडें करावयाचें तेव्हां पडदा ओढावा, आणि काय करणार हें आधीं सांगावें. रोग्याच्या देखत दोघांनीं कुजबुजूं नये. शिकाऊ मुलींना व्यंग दाखवावयाचें असेल तर आधीं त्याची परवानगी घ्यावी.

(४) होणारे बदल अगोदर सांगावे. कुष्ठरोगाच्या औषधांपैकीं रिफॅम्पिसिननें लघवी लालसर होते व क्लोफाझिमिननें कातडीचा रंग काळवंडतो. ज्याला हें सांगितलेलें नसतें, तो घाबरून म्हणतो, 'रोग वाढला, आतां सगळ्यांना कळेल,' आणि औषध सोडून देतो. औषध पुरें झाल्यावर हा काळेपणा हळूहळू ओसरतो, एवढें एक वाक्य पहिल्या दिवशीं बोललें तर पुढचे महिने सुधारतात.

(५) आपला देह पाहावयास शिकवावें. पहिल्या दिवशीं परिचारिकेनें पाय स्वतः हातांत घ्यावा व किळस न दाखवितां पाहावा. परिचारिकेच्या चेहऱ्यांत रोगी आपला चेहरा पाहत असतो. पुढें दोघांनीं मिळून पाहावा; नंतर तळव्याखालीं आरसा धरून त्यानें एकट्यानें पाहावा. रोज पाय सुमारें वीस मिनिटें साध्या पाण्यांत बुडवावे, कठीण झालेली कातडी हलकेच घांसून काढावी, ओल्यावरच तेल लावावें व कोठें लाली, फोड किंवा चीर आहे काय हें पाहावें. हें काम परिचारिकेनें कायमचें स्वतःकडे घेऊं नये. तें रोग्याच्या हातीं येईल तेव्हांच 'तो पाय' पुन्हा 'माझा पाय' होतो.

(६) जें त्याला करितां येतें तें त्याला करूं द्यावें. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड केली तर वांकलेल्या बोटांतही चमचा राहतो. जेवावयास दुप्पट वेळ लागेल, लागूं द्यावा. स्नान आतां कीं थोड्या वेळानें, हें त्याला ठरवूं द्यावें. ज्याच्या हातून सर्व गेलें असें वाटतें, त्याला लहानसा निर्णयही मोठा आधार देतो.

(७) त्याचें मागील काम शक्य तितकें चालूं ठेवावें. शिक्षकानें खोलींतील निरक्षरांची पत्रें वाचून दाखवावीं. शिंपिणीनें कपड्याचें माप सांगावें. आजीनें मुलांना गोष्ट सांगावी. मात्र हें काम खरें असावें, मन रमविण्याचा नुसता देखावा नसावा; रोग्याला हा फरक लागलीच कळतो.

५. खोटा धीर

'कांहीं झालें नाहीं, सर्व ठीक होईल,' असें म्हणणें सोपें असतें. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत रोग्याला असा पोकळ धीर व नको असलेले सल्ले देणाऱ्यांवर एक सबंध प्रकरण आहे. अशा बोलण्यानें रोगी एकटा पडतो, कारण आपलें दुःख ऐकून घ्यावयास कोणी तयार नाहीं असें त्याला दिसून येतें. जो हात सरळ होणार नाहीं तो होईल असें म्हणूं नये. 'हा हात पूर्वीसारखा होणार नाहीं. पण ह्यानें तुम्ही काय काय करूं शकाल हें आपण मिळून पाहूं,' हें बोलणें खरें आहे, आणि त्यांत आशाही आहे. शोकालाही वेळ द्यावा. गेलेल्या अवयवासाठीं रडणें हें भ्याडपणाचें लक्षण नाहीं.

६. घर व गांव

दवाखान्यांत मिळविलेला मान घराच्या उंबरठ्यावर एका क्षणांत जाऊं शकतो. वेगळें ताट, वेगळा पेला, ओसरीच्या कोपऱ्यांतील वेगळी गोधडी. कोणी कठोर शब्द बोलत नाहीं, पण निकाल लागलेला असतो. औषध घेणाऱ्या रोग्याचीं भांडीं वेगळीं ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं, हें घरच्यांना रोगी घरीं येण्यापूर्वींच समजावून सांगावें. भेटावयास जाणाऱ्यांनीं त्याच्या घरचा चहा घ्यावा. ह्या एका पेल्यानें शेजाऱ्यांचें भय जितकें जाईल तितकें व्याख्यानानें जाणार नाहीं. घरांतील मसलतींत, मुलांच्या शाळेच्या गोष्टींत, बी-बियाण्याच्या हिशोबांत त्याचें मत पुन्हा विचारावें. बधिर पायांसाठीं मऊ एम. सी. आर. रबराच्या चपला मिळतात, पण सर्वांना एकाच घडणीच्या दिल्या कीं त्याच रोगाची खूण बनतात व लोक त्या घालीनासे होतात. म्हणून चपला नेहमींच्या चपलांसारख्या दिसतील असें करवून घ्यावें.

कायद्यानेंही पूर्वीं ह्या माणसांचा अपमान केला होता. रोग्यांना वेगळें कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण मानलें जात असे. तें २०१९ च्या कायद्यानें निरनिराळ्या धर्मांच्या विवाहकायद्यांतून, ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यांतूनही, काढून टाकण्यांत आलें. ही गोष्ट ज्या बाईला घरांतून काढण्याची धमकी मिळत असेल तिला अवश्य सांगावी.

७. काम व मान

आपल्या प्रांतांत ह्या बाबतींत मोठें काम झालें आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण ह्यांनीं १९३६ सालीं कुष्ठधाम सुरू केलें. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन ह्यांनीं १९४६ सालीं तपोवन स्थापिलें. आणि बाबा आमटे ह्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलें. भीक देऊन मनुष्य अधिक लहान होतो, काम देऊन तो उभा राहतो, हें त्यांच्या कामाचें सूत्र होतें. तेथें रोगमुक्त माणसांनीं विहिरी खणल्या, शेतें पिकविलीं, कापड विणलें. वेल्लोरलाही शस्त्रक्रियेनें हात सरळ केल्यावर तेवढें पुरत नाहीं हें दिसून आलें. म्हणून रोग्यांना त्या हातांनीं करावयाचे धंदे शिकविण्याची सोय करण्यांत आली.

सेवाग्रामचें उदाहरणही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. संस्कृताचे पंडित परचुरे शास्त्री ह्यांना हा रोग जडला होता. ते १९३९ सालीं आश्रमांत आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आपल्या झोंपडीजवळ जागा दिली व त्यांच्या अंगाला स्वतः मालीश केलें. जें कोणाही नोकराकडून करवून घेतां आलें असतें, तें यजमानानें स्वतः केलें; आणि ज्याला तें केलें, त्याला आपण अजून माणसांत आहों हें पटलें असेल ह्यांत आम्हांस शंका नाहीं.

आज मात्र ध्येय वेगळ्या वसाहतीचें नाहीं. रोग्यानें आपल्याच घरीं राहून औषध घ्यावें, आपलेंच शेत करावें, आपल्याच गांवच्या पारावर बसावें, हेंच उत्तम होय.

८. शब्दांविषयीं

महारोगी, रक्तपित्या हे शब्द आपल्या भाषेंत शिवीसारखे वापरले गेले आहेत. ते टाकावे, व 'कुष्ठरोग झालेला मनुष्य' असें म्हणावें; त्यांत मनुष्य उरतो. उपदेशकांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. लेवीय पुस्तकांतील नियमाप्रमाणें रोग्याला स्वतःच्या तोंडानें आपण अशुद्ध असल्याचें ओरडावें लागे. तेथील मूळ इब्री शब्द कातडीच्या अनेक विकारांना लावलेला आहे, इतकेंच नव्हे तर वस्त्रावरील व भिंतीवरील डागांनाही लावलेला आहे. आजच्या कुष्ठरोगाशीं तो एकच मानतां येत नाहीं. म्हणून पापाचें चित्र काढण्यासाठीं ह्या रोगाचा दृष्टांत सहज घेऊं नये. ऐकणाऱ्यांत सदऱ्याखालीं चट्टा झांकलेला कोणी बसलेला असेल, तर त्या उपदेशानें तो दवाखान्याकडे येण्याऐवजीं आणखी एक वर्ष लपून राहील.

सारांश

रोग्याच्या मनांतील त्याचें स्वतःचें चित्र आपण एकट्यानें नीट करूं शकत नाहीं. पण त्या चित्रावर रोज कांहीं ना कांहीं रेघ आपल्या हातून ओढली जात असते. आपली नजर, आपला स्पर्श, हांक मारण्याची रीत, ताट ठेवण्याची जागा, ह्या त्या रेघा होत. त्या जाणून ओढाव्या.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. स्वतःविषयींच्या कल्पनेचे चार भाग कोणते? आपल्या घरांतील एखाद्या आजाऱ्याचा कोणता भाग अधिक दुखावला आहे?
२. बधिर पायाची निगा व मनांतील कल्पना ह्यांचा संबंध आपल्या शब्दांत सांगा.
३. औषधानें होणारे बदल अगोदर सांगणें कां अवश्य आहे?
४. खोटा धीर व खरी आशा ह्यांत फरक काय? एक उदाहरण द्या.
५. आपल्या गांवांत उपचार घेणारा किंवा बरा झालेला कोणी असल्यास, येत्या आठवड्यांत त्याचें मत आपण कोणत्या गोष्टींत विचाराल?